नऊ मिनिटांचा अॅम्प

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि रविवारी बेस गिटार वाजवते. हे एका दमात सांगितलं की समोरचा माणूस विज्ञान सोडून देतो आणि विचारतो, बेस म्हणजे ती चार तारांची का? हो, तीच. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: तिचा आवाज नेमका कोणता मॅडम, ऐकू तर येत नाही. अमरावतीत हा प्रश्न मला इतक्यांनी विचारला आहे की आता मी उत्तर देत नाही, चहा मागवते.

घरात तरी काय वेगळं होतं म्हणा. घरात मी आणि बाबा, दोघंच. आई जाऊन बरीच वर्षं झाली आणि मी लग्न केलं नाही, तो विषय वेगळा आणि त्यावर मला कोणाचं मत नको आहे. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. तरुणपणापासून गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. एप्रिल आला की त्यांची पार्टी गावोगाव भीमगीतं गात फिरायची, आणि रजा मिळाली नाही तर बाबा आजारी पडायचे, हे डेपोत सगळ्यांना माहीत होतं. मी पहिल्यांदा बेस घरी आणली तेव्हा त्यांनी ती मांडीवर घेतली, उलटी करून पाहिली, एक तार ओढली, कान जवळ नेला आणि म्हणाले, "हे वाजलं काय न नाही वाजलं काय, कोणाले फरक पडते?"

माझं डोकं फिरलं. ढोलकीवाल्यांना स्टेजवर दुसरं कोणी दिसतच नाही, असं काहीतरी मी फाडकन बोलले आणि तो विषय आमच्यात तिथंच संपला. त्यानंतर सहा वर्षं मी वाजवत होते आणि ते त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. रविवारी माझी पार्टी आमच्याकडे सरावाला जमली की ते उठून आतल्या खोलीत जायचे. मला वाटायचं, वैताग येतो म्हणून जातात.

बेस मी घेतली ती कोरसला कंटाळून. आमच्या पार्टीत, आणि मी पाहिलेल्या बहुतेक पार्ट्यांत, बाईची जागा ठरलेली: मागच्या रांगेत बसायचं, टाळी द्यायची आणि गायकाने ओळ सोडली की ती उचलायची. वीस वर्षं मी ओळी उचलल्या. मग आधीचा बेसवाला बदली होऊन गेला, त्याची जागा घ्यायला कोणी तयार होईना, कारण ऐकूच येत नाही ते वाजवून नाव कसं होणार! मी हात वर केला. शिकायला दोन वर्षं लागली, बोटांची साल निघाली, पण कोरसमधून उठून मी स्टेजच्या उजव्या कोपऱ्यात उभी राहिले. त्या कोपऱ्याचं मला किती अप्रूप आहे हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

तर यंदाच्या उन्हाळ्यात, आधीचा छोटा कायमचा जळाल्यावर, मी नवा अॅम्प घेतला. म्हणजे बेसचा आवाज ज्यातून येतो तो मोठा डबा: पुढे पंधरा इंची स्पीकर, मागे अॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणि त्यांच्या मधोमध एक छोटा पंखा. नवा म्हणजे दुसऱ्याने वापरलेलाच, पण दणदणीत. सराव आमच्याच घरी असतो, कारण पार्टीत पुढच्या खोलीचं स्वतंत्र दार असलेलं घर माझंच. खोली लहान. गायक आणि त्यांची हार्मोनियम, कीबोर्डवाला, ढोलक, ऑक्टोपॅड, कोरसच्या दोघी आणि सगळ्यांच्या चपला एवढं मावल्यावर अॅम्पला जागा उरली ती आतल्या खोलीच्या दारात. दाराला पडदा आहे. अॅम्पचं तोंड आमच्याकडे, पाठ पडद्याला. रस्ता बंद झाला, त्यामुळे आत जायचं तर अंगणातून वळसा घालून स्वयंपाकघराच्या दाराने जायचं. बाबा तसेच जायचे.

पहिल्या रविवारी अॅम्प लावला, खर्जातला पहिला सूर सोडला आणि खिडकीची तावदानं थरथरली. गायकाने भुवया उंचावल्या. मी मनात म्हटलं, आता बोला. पहिलं गाणं झालं, दुसऱ्याचा अंतरा आला आणि आवाज एकदम गेला. अॅम्पवरचा हिरवा दिवा लाल झाला. बंद केला, वीस मिनिटं थांबलो, चालू केला. वाजला. पुन्हा नऊ-दहा मिनिटांनी गप्प.

पुढच्या रविवारीही तेच. आणि त्याच्या पुढच्याही.

आमचे गायक फार सभ्य माणूस. बँकेत आहेत, आवाज चढवत नाहीत, वाईट बातमी देतानाही आधी पाणी विचारतात. बुद्ध पौर्णिमेला चांदूर बाजारला आमचा कार्यक्रम ठरला होता. लहान गावात साऊंडवाला गाण्याचे आणि ढोलकीचे माईक लावतो, बेसचं तुमचं तुम्ही बघा म्हणतो. त्यामुळे अॅम्प नाही तर बेस नाही. त्या तिसऱ्या रविवारी गायक म्हणाले, "मॅडम, पौर्णिमेपर्यंत नीट झाला तर उत्तम. नाही झाला तर बेस आपण कीबोर्डच्या डाव्या हातावर घेऊ. तुम्ही कोरसमध्ये या, तिथं आवाज कमीच पडतोय."

कोरसमध्ये या! मी पाणी प्यायले, कारण तोंडाशी आलेलं बोलले असते तर पार्टीच फुटली असती. पौर्णिमेला चार आठवडे होते.

आता मी विज्ञानाची बाई. मुलांना मी सांगते की बिघाड शोधायचा तर आधी अंदाज बांधू नका, नोंद करा. मी वही घेतली, पट्टीने रकाने आखले: तारीख, वेळ, खोलीचं तापमान, व्होल्टेज, किती मिनिटांनी बंद. दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ तासभर वाजवून नोंदी केल्या. सकाळी अॅम्प शहाण्यासारखा वाजायचा. संध्याकाळी नऊ मिनिटं, आठ मिनिटं, दहा मिनिटं, की बंद. आणि बंद पडल्यावर मागे हात घालून पाहिला तर पाठ तव्यासारखी तापलेली.

झालं, मला सापडलं. संध्याकाळी सगळ्या गल्लीचे कूलर चालू होतात, व्होल्टेज पडतं, अॅम्प जास्त करंट ओढतो आणि तापतो. फळ्यावर लिहून मुलांना समजावता येईल इतकं सुबक कारण होतं. मी स्टॅबिलायझर आणला. फरक शून्य. मग शेजारच्या वायरमनने सांगितलं, अर्थिंग गेलं असेल. अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरला आणि रोज दोन बादल्या पाणी ओतलं. त्या पाण्यावर अंगणातला कढीपत्ता एवढा फोफावला की काय सांगू, अॅम्प मात्र नऊ मिनिटांवर अडून बसला. पुढून टेबल फॅन लावून पाहिला. मागून लावायचा तर मागे बाबांची खोली, म्हाताऱ्या माणसाच्या आरामात कशाला खोडा, असा मी मोठेपणा केला. शेजारच्या काकू तर म्हणाल्या, दृष्ट लागली असेल, लिंबू-मिरची बांधून पाहा. बौद्धाच्या घरात, तेही विज्ञानाच्या मास्तरणीला! काकू आठवडाभर आमच्याकडे विरजण मागायला आल्या नाहीत.

बाबांना मी हे सगळं जेवताना सांगायची. त्यांना कमी ऐकू येतं हे मला माहीत होतं. चाळीस वर्षं इंजिनाच्या शेजारी बसलेला माणूस, कान जाणारच. कानाचं मशीन आणून दिलं होतं, ते कुईकुई करतं म्हणून स्टीलच्या डब्यात पडून होतं. तरी माझ्या बोलण्याला ते बरोबर मान हलवायचे, त्यामुळे मी समजून चालले होते की यांना हवं ते ऐकू येतं आणि नको ते येत नाही. कोरसचं सांगितलं तेव्हा त्यांनी घास हातातच धरून माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "अकोल्याले दाखव. जठारपेठीत एक मिस्त्री हाये. आमच्या पार्टीचा भोंगा तोच दुरुस्त करे." मग पुन्हा जेवायला लागले.

अकोल्याला अॅम्प न्यायचा म्हणजे लग्नाचं वऱ्हाड काढण्यासारखं. ऑटोवाल्याने आधी मला आणि मग अॅम्पला पाहून मान नाही म्हणून हलवली. दुसऱ्याने घेतला. एसटीत कंडक्टरने विचारलं, मॅडम फ्रीज आहे का. मी म्हटलं बेस अॅम्प, तर म्हणाला म्हणजे फ्रीजच ना. मग बाबांचं सांगितलं, आपल्याच डेपोचे ड्रायव्हर होते म्हणून, तर त्याने स्वतः उचलून मागच्या सीटजवळ ठेवला आणि अकोल्यापर्यंत त्यावर कोणाला बसू दिलं नाही.

जठारपेठेतले मिस्त्रीकाका सत्तरीला टेकलेले. दुकान एवढंसं. भिंतीला जुने रेडिओ, टेबलावर अॅम्प, पायाशी कूलर. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. व्होल्टेजचं मी जरा तपशिलात सांगितलं, ते ऐकताना त्यांनी दोन वेळा जांभई दिली. मग अॅम्प चालू केला, त्याला एक जुना टेप जोडला आणि दुसऱ्या कामाला लागले. दहा मिनिटं झाली, अर्धा तास झाला, दोन तास झाले. वाजतोय! कूलर बंद केला, तरी वाजतोय. मला लाज वाटायला लागली. ताप आहे म्हणून पोराला दवाखान्यात न्यावं आणि ते तिथं उड्या मारायला लागावं, तशी माझी गत झाली. काकांनी तरी तो उघडला, पंख्यातली धूळ झटकली, दोन-तीन सांधे नव्याने जोडले आणि म्हणाले, आता जा.

घरी आणला. रविवारी पार्टी जमली. नऊ मिनिटं.

कीबोर्डवाल्याने डाव्या हाताने दोन सूर वाजवून पाहिले. तो बिचारा साधा औषधदुकानदार, त्याच्या मनात काही नव्हतं, पण मी त्याच्याकडे जे पाहिलं त्यानंतर त्याने हात मांडीखाली घेतला. गायक म्हणाले, पौर्णिमा आता आठ दिवसांवर आली मॅडम. पुढच्या रविवारी अखेरचं पाहू.

सोमवारी शाळेतल्या निकालाच्या कामातून अर्धी रजा टाकून मी पुन्हा अकोला गाठलं, या वेळी अॅम्प न घेता, वही घेऊन. रागातच होते. काकांपुढे वही आपटली आणि म्हटलं, हे बघा, माझं चुकत असेल तर दाखवा. त्यांनी चष्मा लावला आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचली. एका ओळीवर बोट थांबलं. ती मी खोडली होती. गुरुवार, संध्याकाळ, पूर्ण तास, बंद पडला नाही.

हे काहून खोडलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ती नोंद बाकीच्यांशी जुळत नव्हती, माझंच मोजताना काही चुकलं असेल. म्हणताना माझे कान तापले. न जुळणारी नोंद कधी खोडू नका, हे मी दर वर्षी सातवीच्या मुलांना घसा कोरडा होईस्तोवर सांगते.

"त्या दिवशी घरात कोण नव्हतं?" काकांनी विचारलं.

मी आठवलं. बाबा आत्याकडे परतवाड्याला गेले होते. पण त्याचा काय संबंध? अॅम्पला काय माणसं ओळखू येतात? काकांनी वही मिटली आणि विचारलं, सकाळी तुम्ही वाजवता तेव्हा बाबा कुठं असतात. सकाळी ते वाचनालयात पेपर वाचायला जातात, साडेदहापर्यंत. संध्याकाळी? संध्याकाळी घरी. काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, त्यांची लेक अमरावतीत दिली आहे, रविवारी तिच्याकडे यायचंच आहे, तर सरावाच्या वेळी आमच्याकडे चक्कर टाकतील. फक्त एक अट घातली: कोणाला काही सांगायचं नाही, रोज जसं वाजवता तसंच वाजवायचं.

परतीच्या बसमध्ये मला भलभलते विचार यायला लागले. बाबा मुद्दाम तर काही करत नसतील? बटण, वायर, काही? त्यांना माझी बेस कधी आवडली नाही. आता मी पुन्हा कोरसमध्ये गेले की त्यांना बरं वाटेल का? बापाबद्दल असं मनात आणायला लाज वाटायला हवी होती, पण तेव्हा रागच जास्त होता, खरं तेच सांगते. पूर्ण आठवडा मी त्यांच्याशी तुटक बोलले. त्यांनी कारण विचारलं नाही.

रविवारी पाच वाजता पार्टी जमली. काका आले, पाहुणे म्हणून खुर्चीवर बसले, बशीत चहा ओतून प्यायला लागले. बाबा नेहमीसारखे अंगणातून वळसा घालून आत गेले. आम्ही सुरू केलं. पहिलं गाणं संपत आलं तेव्हा काका उठून बाहेर गेले. पाच मिनिटांनी परत आले, पुन्हा खुर्चीवर बसले. त्यांचा चेहरा मला वाचता येईना. नवव्या मिनिटाला लाल दिवा लागला आणि गायकाने हार्मोनियमवरचे हात उचलले.

काका म्हणाले, वीस मिनिटं थांबू, थंड होऊ द्या. मग म्हणाले, पुढच्या गाण्याला अॅम्पची वायर कीबोर्डवाल्याला द्या, बेस तो डाव्या हाताने वाजवील, आणि ताई, तुम्ही माझ्याबरोबर या. हे ऐकून मी पेटलेच होते, पण सत्तरीच्या माणसाला काय बोलणार. वीस मिनिटांनी पुढच्या खोलीत गाणं सुरू झालं आणि आम्ही दोघं अंगणातून, स्वयंपाकघरातून, आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिलो.

बाबा पडद्याला पाठ करून बसले होते. जमिनीवर जेवणाचा पाट, त्यावर मांडी घातलेली, आणि पाठ थेट अॅम्पच्या मागच्या बाजूला टेकवलेली. अॅम्प पाठीला चटका देतो म्हणून मधे त्यांची कापसाची उशी, पंख्यावर अगदी घट्ट बसलेली. वारा घ्यायला बोटभर फट उरली नव्हती. डोळे मिटलेले आणि दोन्ही हातांची बोटं गुडघ्यांवर चालत होती. ढोलकीचे बोल, एकही न चुकता.

मी बघत राहिले. दोन ओळी गेल्या असतील. मग बाबांची बोटं थांबली. त्यांनी डोळे उघडले, पाठ सोडवली, वळून अॅम्पवर तळहात ठेवला आणि कपाळाला आठ्या घातल्या. आपल्या गाडीवर दुसराच ड्रायव्हर बसलेला दिसला की ते असे करायचे. उठायला म्हणून त्यांनी जमिनीला हात टेकला आणि तेव्हा त्यांना मी दिसले.

"हे कोण वाजवून राहिलं?" ते मोठ्याने म्हणाले. "तू त इथं हायेस."

मी तिथंच खाली बसले आणि रडले, सरळ रडले, काकांसमोर. बाबा घाबरले. त्यांना वाटलं, चोरून बसतात म्हणून मला राग आला. मी मान हलवून नाही नाही म्हणत होते आणि ते माझ्या ओठांकडे बघत होते, जसे जेवताना बघायचे. तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं ते माझं बोलणं ऐकत नव्हते, वाचत होते. मान तिथं बरोबर हलायची कारण नजर माझ्या तोंडावर असायची.

"कानानं काही येत नाही आता," बाबा म्हणाले. "गाणं नाही, पेटी नाही, ढोलकी बी नाही. तुहं येते. पाठीनं येते."

मग हळूहळू बाकीचं सांगितलं. चौदा वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात त्यांचा ताल सुटला होता, कारण हार्मोनियम कुठं चालली आहे ते ऐकूच येईना. बोटं दुखतात असं सांगून त्यांनी ढोलकी माळ्यावर टाकली. हा अॅम्प घरात आला त्या पहिल्या रविवारी ते पडद्याआडून चालले होते आणि त्यांचा हात सहज त्याच्या पाठीला लागला. तिथंच थांबले. तेव्हापासून मी वाजवायला लागले की ते पाट घेऊन बसायचे, आणि आवाज बंद पडला की उठून खाटेवर जायचे. आपल्यामुळे बंद पडतो हे त्यांना माहीतच नव्हतं. अकोल्याचा पत्ता त्यांनी दिला तो उगाच नाही. तो अॅम्प दुरुस्त व्हावा असं माझ्याइतकंच त्यांनाही वाटत होतं. मग पौर्णिमा तोंडावर असताना आठवडाभर मी त्यांच्याशी तुटक वागले हे आठवून मला पुन्हा रडू आलं.

पुढच्या खोलीत गाणं थांबलं होतं आणि पडद्यामागून सगळे डोकावत होते. मी काकांना विचारलं, आता काय करायचं? उशी काढली तर बाबांना चटका बसतो, ठेवली तर अॅम्प बंद. अॅम्पची जागा बदलली तर बाबांनी कुठं बसायचं? काकांनी बोटांनी अंतर मोजलं. सामान मागितलं ते एवढंच: एक फळी, लाकडाचे दोन ठोकळे, चार लांब स्क्रू. ऑक्टोपॅडवाल्याचं फर्निचरचं काम आहे, त्याने अर्ध्या तासात आणून दिलं. काकांनी ठोकळे अॅम्पच्या दोन कडांना बसवले आणि त्यावर फळी, अशी की मागे चार बोटं मोकळी राहतील आणि पंख्याची हवा वर निघून जाईल. लाकडातून थरथर तर येतेच, उलट उशीपेक्षा जास्त येते. बाबांनी पाठ टेकवली. मी पुढे जाऊन एकच सूर दाबून धरला. पडद्याआडून बाबांचा आवाज आला, "हा! आता आलं."

त्या संध्याकाळी आम्ही सलग तास-सव्वा तास वाजवलं. हिरवा दिवा हिरवाच राहिला. जाताना गायकांनी बाबांना वाकून जयभीम केला.

वाद झाला तो चांदूर बाजारला. मांडवात स्टेज लागलं, अॅम्प माझ्या उजव्या कोपऱ्यात ठेवला आणि त्याच्या मागे मी पाट मांडला. गायकांनी आधी पाणी विचारलं, म्हणजे मला कळलं काय येतंय ते. म्हणाले, लोकांकडे पाठ करून स्टेजवर कोणी बसलेलं बरं दिसत नाही मॅडम, बाबांना पहिल्या रांगेत खुर्ची देऊ, मानाची. मी म्हटलं, खुर्चीवर बसून त्यांना फक्त तुमचं तोंड हललेलं दिसेल. बाबा पाटावर बसणार नसतील तर मी कोरसमध्ये बसते, डावा हात तयारच आहे. वीस वर्षं ज्या जागेतून उठायला मी धडपडले तिथं मी आपल्या पायाने जायला निघाले होते, आणि खरंच गेले असते. गायकांनी स्वतःच पाट जरा सरळ केला.

अंधार पडायच्या आत कार्यक्रम सुरू झाला. मांडवात बाया-पोरांची गर्दी, उकाडा तर विचारू नका. मी वाजवत होते आणि एक डोळा दिव्यावर होता. आठ मिनिटं झाली. नऊ झाली. दहा. दिवा हिरवा. मग मी दिव्याकडे बघणं सोडलं आणि बाबांकडे बघायला लागले. पांढरा सदरा, लोकांकडे पाठ, आणि कोपर जरा जरा हलताहेत. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने शेजाऱ्याला कोपराने ढोसलं. त्यांच्या जुन्या पार्टीतला असावा, कारण कार्यक्रम संपल्यावर तो स्टेजवर चढला आणि बाबांच्या दोन्ही हातांची बोटं धरून बराच वेळ बसला.

सामान आवरताना मी वायर गुंडाळत होते. बाबा फळीला टेकून पाय चोळत होते. सहा वर्षांत ते माझ्या वाजवण्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते, आणि आज बोलतील अशी आशा धरायलाही मला भीती वाटत होती. त्यांनी मला हाताने जवळ बोलावलं.

"तिसऱ्या गाण्यात घाई केली तू," ते म्हणाले. "अंतऱ्याले."

मी लगेच भांडायला तोंड उघडलं, आणि मिटलं. केली होती मी घाई. गायकाला कळलं नव्हतं, ढोलकवाल्याला कळलं नव्हतं, भरल्या मांडवात ते एकट्या बाबांना ऐकू आलं होतं.